फौजदार टेबलावर हाय

न्हाय न्हाय, बसा की ताई, मला काय झालं न्हाय — घाम आलाय एवढंच. पेशंट मी न्हाय, पेशंट आत हाय, माझं कुत्रं. पर डॉक्टरीणबाईंनी मलाच भायेर काढलं — का? तर सुई टोचली त्याला अन् डोळं फिरलं माझं! कंपाउंडर म्हणला, बाबा, आधी तुमाला झोपवू का? हयातभर मेंढरं राखली, अक्कलकोटाकडच्या माळावर लांडग्याच्या मागं पळालो — म्हंजे, खरं सांगू का, लांडगा माझ्या मागं हुता, पर पळालो की न्हाय? अन् हितं सुईला भ्यालो. हासा, हासा. तुमचं मांजर बी हासतंय टोपलीतनं.

नाव व्हय? माझं शंकरप्पा, त्याचं फौजदार. पोटाला गाठ हाय त्याच्या, लिंबाएवढी. ह्या शिवानी मॅडम लई गुणाची पोर, समदं समजावून सांगितलं — पयली सुई गुंगीची, मग घटकाभरानं भूल, मग गाठ काढायची, अन् दुखू नये म्हणून आणिक एक सुई. मी म्हणलं, दुखण्यावर माझी गुडघ्याची गोळी हाय की खिशात, अर्धी देऊ का त्याला? तर अशा वरडल्या! माणसाच्या गोळीनं कुत्र्याच्या पोटात रगत सुटतं म्हणं. बरं झालं इचारलं. जन्मात पयल्यांदाच कायतरी इचारून केलं.

अन् एक बजावलं हुतं, रातीपास्नं काय चारू नका. मघाशी बी इचारलं, बाबा, उपाशी हाय न्हवं? म्हणलं, व्हय. व्हय — म्हंजे — तसा उपाशीच की. निघताना चतकोर भाकर अन् वाटीभर दूध, ते काय खाणं झालं? असं का बघताय ताई? आवो, आमच्या घरची रीत हाय, उपाशी पोटी उंबऱ्याभायेर पाय टाकायचा न्हाय. माझ्या गिरिजाची रीत. पोस्टमन आला तरी आधी त्याच्या हातावर भाकर ठिवायची, मग टपाल घ्यायची. लगीन झाल्यापास्नं मी कदी रिकाम्या पोटी मेंढरं सोडली न्हाईत — हे प्वाट बघा की, पुरावाच हाय.

अन् तीच एकदा उपाशी गेली. पित्ताचं खडं काढायचं हुतं, हितंच सोलापुरात, मोठ्या दवाखान्यात. निघताना म्हणली, आवो, घोटभर च्या तरी द्या. म्या न्हाय दिला. डॉक्टरांनी सांगितलं हुतं न्हवं — जन्मात एकदाच शाण्यावानी वागलो. भूल दिली ती उतरलीच न्हाय. कुणाचा दोष न्हाय, काळीजच कच्चं हुतं म्हणले. च्या दिला असता तरी गेलीच असती, कळतंय मला. पर उपाशी गेली ओ. आज ह्यो फौजदार रिकाम्या ताटलीजवळ बसून माझ्याकडं बघाया लागला, अन् माझ्यानं न्हाय ऱ्हावलं. घरात माझं ऐकून घ्याया तेवढाच एक उरलाय. ह्यो बी उपाशी गेला तर मी काय करू?

काय म्हणलात? भुलीत उलटी झाली तर? छातीत जातं? म्हंजे गुदमरून — आन् मला कुणी सांगितलंच न्हाय — न्हाय, सांगितलं हुतं, मॅडमनी दोनदा सांगितलं, मीच नंदीबैलावानी मान हलवत हुतो. मला वाटलं, रिकाम्या पोटी दारू चढती तशी भूल बी झ्याक चढत आसंल, म्हणून उपाशी ठिवत्यात. काय हे टकुरं! ती भुलीची सुई टोचली नसंल न्हवं अजून? ओ मॅडम! शिवानी मॅडम! हात थांबवा, खाल्लंय त्यानं — खोटं बोललो मी, मीच चारलंय! — आत ऐकूच जात न्हाय. ताई, बघत काय बसलाय, हे दार ओढायचं का ढकलायचं? आवो, बोला की!