बोटीवरची हाळी

माझा जन्म फलटणच्या बाजूच्या कुठल्यातरी माळावर झाला, नेमक्या कुठल्या ते आईलाबी सांगता आलं न्हाई, कारण आमी मेंढरामागं फिरणारे धनगर, दिवाळी सरली की घाट उतरून कोकणात जायचो, तिथंच मी पहिल्यांदा समुद्र बघितला. काय सांगू ताई तुम्हाला, मेंढरांचा मला लय कंटाळा आला होता. मुंबईच्या बंदरात मावसभाऊ होता, त्याला धरून खलाशाची कागदं केली. बाप म्हणाला, जा बाबा, पाण्यावर तरी मेंढरं न्हाईत.

आणि बोट मिळाली ती ऑस्ट्रेलियातनं आखातात मेंढरं नेणारी. मजल्यावर मजले, हजारो मेंढरं. मला बोट लागली, चार दिवस नुसता ओकत होतो. आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, दापोलीकडचा, तो म्हणाला, तुझ्यापरीस मेंढरं बरी, उभी तरी राहतात, पहिल्या बंदराला तुला घरी धाडतो. मला घोर लागला, बापापुढं आता कुठल्या तोंडानं जाऊ.

तवाच मेंढरं मरायला लागली. पुढ्यात गोळीपेंड, पण ती कुरणात चरलेली, हे खायचं असतं हेच त्यांना ठावं न्हाई. डॉक्टर सुया टोचून दमला. तुटक्या कानाची एक मेंढी तेवढी खात होती. मी म्हणालो, आवं सारंग, हिला घेऊन मला कप्प्याकप्प्यात फिरू द्या, मेंढरू मेंढराचं बघून खातं. ती खायची, मी आमची हाळी द्यायचो, मग बाकीची तोंड घालायची. आठवड्यात हाळी दिली की सगळ्या माना वर. सारंग म्हणाला, ऱ्हा गड्या.

मग बंदर आलं. उतरायच्या फळीवर मेंढरं अडली, पुढची पाय टाकीना. सारंग म्हणाला, दे की हाळी. दिली. तुटक्या कानाची पुढं, मागनं सगळी, पळत गेली, खाटीकखान्याच्या गाड्यांपर्यंत. हिला तेवढं माघारी घेऊ का, मी विचारलं. उतरलेलं जनावर बोटीवर परत घेत न्हाईत, सारंग म्हणाला. नोकरी टिकली, त्याच कामावर अकरा वर्षं काढली, खोटं कशाला बोलू.

आता गावात हाय, चाळीस मेंढरं हायत. व्यापाऱ्याचा टेम्पो आला की बायको हाकते आणि ओरडते, आवं, एक हाळी द्या की, चढतील पटापटा. मी आत जाऊन चहा ठेवतो. सकाळी चरायला सोडताना तेवढी हाळी देतो. अजून येतात ती, व्हय, एकबी मागं ऱ्हात न्हाई.