रिकिबीतून सुटणारा बूट

हुसैनमियाँ : दोन मोजे घाल म्हटलं ना, मेल्या! मस्कतच्या उन्हात पातळ मोज्यावर बूट बसला म्हणून बर्फात बसतो काय?

गुरुदत्त : दोन मोजं घातलं की आवळतोय, चाचा. बोटं हलंनात.

हुसैनमियाँ : मग एक नंबर वरचा घे. बूट आवळला की रक्त थांबलं, रक्त थांबलं की पाय गार. आतली लोकर मग काय शोभेला? गेल्या साली सोहारच्या एका गिऱ्हाइकाने ऐकलं नाही. कझाकस्तानातून लंगडत आला नि शिव्या मला घातल्या.

वसुंधरा : चाचा, तो काळा दाखवा ना, गुडघ्यापर्यंतचा. उणे तीस लिहिलंय बघा त्याच्यावर.

हुसैनमियाँ : तो शिकाऱ्यांचा ओ, वहिनी. बर्फात तासतासभर ससाण्याची वाट बघत उभं राहायला एक नंबर. पण लठ्ठ आहे.

वसुंधरा : असू दे लठ्ठ. ह्यांना कुठं पळायचंय? ह्यांच्या मालकाचे, अर्बाबचे लोक कझाकस्तानात शिकारीला जाणार, हे तंबूपाशी घोडे सांभाळणार. हो ना हो?

गुरुदत्त : व्हय... म्हंजे... चाचा, ती माझी पिशवी द्या की जरा.

हुसैनमियाँ : ही? लोखंड भरलंयस की काय?

(गुरुदत्त पिशवीतून घोड्याची रिकीब काढतो आणि काउंटरवर ठेवतो.)

वसुंधरा : ही पॉलिशला द्यायची म्हणून आणली होती ना तुम्ही?

गुरुदत्त : द्यायचीच हाय. आलोच हाय तर बूट आत जातोय का बघावं म्हणलं.

वसुंधरा : तंबूपाशी उभं राहणाऱ्याला रिकीब कशाला लागते?

हुसैनमियाँ : मी... चहा सांगतो हां.

वसुंधरा : सांगा, माझ्यात साखर कमी. आणि इथंच बसा, चाचा. ह्यांना एकट्याला बोलायला जमायचं नाही.

गुरुदत्त : वसू, ससाणा उडतो त्यो दोन-दोन मैल लांब जाऊन ससा धरतो. त्याच्या मागं घोड्यावरनंच जावं लागतंय. अर्बाब म्हणाला, माझ्या बाजूला माझाच माणूस पायजे. मी हो म्हणून बसलो. घरी सांगायचं तेवढं ऱ्हायलं.

वसुंधरा : राहिलं?

गुरुदत्त : भ्यालो तुला. खरं सांगतो.

वसुंधरा : भ्यायला काय झालं? चार वर्षांपूर्वी बरकाच्या मैदानात रिकिबीत पाय अडकला, घोडा फरफटत घेऊन गेला, ते तुम्हाला, मला नव्हे. मला फोन आला तेव्हा पायात सळई घालून झाली होती. मी तेव्हा काही बोलले नाही. 'आता खाली उभा राहूनच घोडा बघीन', हे तुम्हीच म्हणालात.

गुरुदत्त : म्हणलो. चार वर्सं खरारा केला, चंदी चारली. तक्रार न्हाई. पण दुसऱ्याला घोड्यावर बसवून दिलं आणि मागं वळलो की लई जीव तुटतो गं.

वसुंधरा : दुसऱ्याला कुठं बसवता? दोन महिने झाले, स्वतःच बसताय.

गुरुदत्त : आँ? कुणी सांगितलं? तबेल्यातल्या शरीफनं?

वसुंधरा : तुमच्या पँटने. मांडीला आतून घोड्याचे केस, गुडघ्याला कातड्याचा तेलकट डाग. तबेला झाडणाऱ्याच्या कपड्यांना तिथं केस लागतात होय? धुते कोण?

हुसैनमियाँ : माशाल्ला! धरला की नाय चोर!

वसुंधरा : हसू नका, चाचा. दोन महिने मी वाट बघतेय, आज सांगतील, उद्या सांगतील. आणि ह्यांनी शेवटी सांगितलं कुठं, तर मत्रहच्या बाजारात, चपलांच्या ढिगाऱ्यात.

गुरुदत्त : मग... नको जाऊ?

वसुंधरा : असं मी म्हटलं का? दोन महिने घरी येताना शीळ वाजवत येता. मला काय कान नाहीत? तो काळा घाला. घाला म्हणते ना! आता रिकिबीत पाय घाला. चाचा, रिकीब घट्ट धरा हं. मी बूट ओढते.

हुसैनमियाँ : धरली, वहिनी. बिस्मिल्ला.

वसुंधरा : ...येत नाहीये.

गुरुदत्त : तळ जाड हाय. खालची नक्षी रिकिबीच्या पट्टीत धरतीय. जरा वाकडं करून—

वसुंधरा : घोडा उधळल्यावर वाकडं करायला वेळ मिळतो का? काढा तो. उणे तीस गेलं खड्ड्यात.

हुसैनमियाँ : हा तपकिरी घे. घोडेवाल्यांचा. तळ साफ, टाच इंचभर, म्हणजे पाय पुढे सरकून आत जायचा नाही. दोन्ही बाजूंना बोटभर जागा राहते, बघ. पण लोकर कमी ओ. खरं सांगतो, उणे दहापर्यंतच.

वसुंधरा : धरा रिकीब.

हुसैनमियाँ : धरली.

वसुंधरा : ...आला! अहो, एका ओढीत आला.

गुरुदत्त : पण पाय गारठंल त्यात.

वसुंधरा : गारठला तर खाली उतरून घोड्याबरोबर चाला. चालायला दिलेत ना डॉक्टरने पाय? हाच बांधा, चाचा.

हुसैनमियाँ : एक नंबर वरचा देतो नि आत लोकरीचा जाड नमदा घालतो. घोड्याच्या पाठीला चालतो, माणसाच्या तळव्याला का नाय चालणार? नमदा माझ्याकडून. आण ती रिकीब, गुरुदत्त, पॉलिशवाला शेजारीच आहे.

वसुंधरा : पॉलिश नको. ती घरी न्यायचीय.

गुरुदत्त : घरी? घरी काय करायचंय रिकिबीचं?

वसुंधरा : विमान पंधरा तारखेला ना? बारा दिवस आहेत. रोज जेवणाआधी तुम्ही पाय घालायचा, मी ओढणार.