साहेबांची लिफ्ट आणि मावशींची भाषा

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे साहेब, व्यासपीठावरील पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या मावशी, त्यांना इतकी वर्षं आमच्या ताब्यात देऊन निर्धास्त झोपलेले त्यांचे यजमान, आणि चहाच्या आशेनं थांबलेल्या बंधुभगिनींनो,

मावशींबद्दल काय बोलावं? आपण लिफ्ट चालवणारे प्रोग्राम लिहितो. मावशींची प्रोग्राम लिहायची भाषा शुद्ध फंक्शनल. तिच्यात एकदा केलेली वस्तू बदलतच नाही. बदल हवा तर नवी करून घ्यायची. साहेब नवे आले तेव्हा वैतागले.

"मला वस्तूला हुकूम सोडायची सवय आहे. लिफ्ट, वर जा! की गेली पाहिजे."

"इथं हुकूम चालत नाही, साहेब," मावशी म्हणाल्या. "पण तसा देखावा करून देते."

त्यांनी एका डब्यात लिफ्टची माहिती ठेवली आणि शेजारी 'वर जा', 'दार उघड' ही फंक्शनं, म्हणजे जुनी वस्तू घेऊन नवी करून देणारी सूत्रं. हाक मारली की वर पोचलेली नवी लिफ्ट हातात, अर्थात प्रोग्रामातली; खरी लिफ्ट शेवटच्या हुकुमाला जी मिळेल तिच्यासारखी वागते. "मात्र ती धरा हं. पुढचं तिलाच सांगा. जुनीला यातलं काही ठाऊक नसतं."

साहेब म्हणाले, "हो, हो." त्यांचं 'हो, हो' आपण सगळे ओळखतो!

मग एका हॉटेलच्या मालकीणबाई लिफ्ट पाहायला आल्या. काम मिळालं नाही तर आमचा विभागच बंद होणार होता. साहेबांनी स्वतः प्रोग्राम लिहिला: लिफ्ट, वर जा. लिफ्ट, दार उघड. बाईंना घेऊन आत शिरले, बटण दाबलं. दार मिटलं, उघडलं. साहेब हात पसरून बाहेर आले, "पाहा, गच्चीवरून शहर कसं दिसतं!"

समोर स्टुलावर तळमजल्याचा आपला वॉचमन पाय चोळत बसला होता.

बाई हसून हसून भिंतीला टेकल्या. साहेबांचा चेहरा पडला. मावशी हळूच म्हणाल्या, "वर गेलेली तुम्ही धरलीच नाहीत. दार उघडलं ते जुनीचं." त्यांनी तिथंच 'वर जा'चं उत्तर 'दार उघड'च्या हाती दिलं, आणि बाई खरोखर गच्चीवर पोचल्या. काम आपल्याला मिळालं.

दुसऱ्या दिवशी साहेब खुर्ची ओढून मावशींशेजारी बसले. "शिकवा." मावशींनी शिकवलं, आणि कुणासमोर एकदाही टोमणा मारला नाही. विभाग वाचवणारं माणूस असं गप्प राहतं का हो?

मावशी, आम्ही तुमचे ऋणी आहोत. सर्वांचे आभार. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर पदरात घ्या. आणि साहेब, ही गोष्ट सोडून काहीही बोल, या अटीवर तुम्ही अध्यक्षपद स्वीकारलं होतंत, तेवढी क्षमा वेगळी मागतो.