सीटी स्कॅनच्या आधी सांगायला काय जातं?

नाही, मला एक सांगा, आधी सांगायला काय जातं हो यांचं? तोंड झिजतं? तुम्हाला सांगतो, आमच्या मुलुंडमध्ये पावलापावलावर स्कॅनचं सेंटर, आत एसी, काचेच्या टाकीत रंगीत मासे... पण पेशंटला चार वाक्यं धड सांगेल असा माणूस? एक नाही!

झालं काय, पोटात दुखतं म्हणून सोनोग्राफी केली, तर लिव्हरवर काहीतरी दिसलं. काहीतरी! डॉक्टर म्हणाले, "विद्याधरराव, एकदा सीटी स्कॅन करून घेऊ." बस, एवढंच. मग मी मोबाईलला विचारलं, आणि त्या मोबाईलनं तासाभरात माझा तेरावा उरकला! हसू नका. घाबरलो होतो मी. साठीचा बाप्या, बाथरूमचा नळ सोडून रडलो.

सेंटरला फोन केला. रिसेप्शनवरची बाई नाकातून, "सर, चार तास फास्टिंग हां, थँक्यू." फोन बंद! गेलो उपाशीपोटी, तर दारातूनच परत. "सर, क्रिएटिनिनचा रिपोर्ट? शिरेतून औषध देतात ना, किडनी ठीक आहे का बघावं लागतं." अगदी बरोबर! पण बाई, फास्टिंग म्हणालात त्याच दमात हे आधी सांगायला काय जातं?

रक्त दिलं, रिपोर्ट आणला, दोन दिवसांनी पुन्हा स्वारी तयार. आता फास्टिंग म्हणजे काय? माझी आई हरतालिकेला पाण्याचा थेंब घ्यायची नाही, आणि मी तिचाच मुलगा! पहाटेपासून कडक निर्जळी. बायको, कुंदा, पेला घेऊन आली, "अहो, निदान पाणी तरी..." तर तिच्यावरच ओरडलो, "तुला काय कळतं त्यातलं?" बीपीची गोळीसुद्धा घेतली नाही, कारण गोळीला पाणी लागतं!

आणि तिथे तो टेक्निशियन, नितेश, माझं मनगट थोपटतोय, कोपर थोपटतोय, शीर काही सापडेना. "काका, पाणी नाही प्यायलात? साधं पाणी चालतं की. गोळी पण घ्यायची असते." चालतं की! हे आता सांगतोस, सुई हातात घेऊन?

बरं, पुढे ऐका. "अंगावर मेटल काही?" म्हटलं नाही. शर्ट काढून गाऊन चढवतोय, तर जानव्याला कपाटाची किल्ली! आमच्या वडिलांची सवय, मलाही लागली. नितेश म्हणतो, "काका, पोटाच्या फोटोत मधोमध किल्लीच दिसली असती!" पळत बाहेर आलो, त्या गाऊनमध्ये, मागून उघडा... किल्ली कुंदाच्या हातात कोंबली, पळत आत.

आडवा झालो. मशीनमधली बाई म्हणते, "सांस लीजिए... रोकिए." रोखला. रोखला तो रोखलाच, सोडा म्हणायला बाई विसरली की काय! तेवढ्यात ते औषध सोडलं, आणि घशातून जी गरम लाट निघाली ती छाती, पोट, आणि... खाली ओलं! अहो, साठ वर्षं सांभाळलेली अब्रू! डोळे मिटून पडलो, म्हटलं लिव्हर राहू दे, आता इथून बाहेर कसं जायचं? उठून चाचपलं तर कोरडं ठणठणीत! नितेश हसतोय, "सगळ्यांनाच वाटतं काका तसं. मिनिटभरात जातं." सगळ्यांनाच? रोज सगळ्यांनाच? मग आधी सांगायला काय जातं रे तुमचं!

रिक्षात बसल्यावरही माझा पट्टा चालूच. तर कुंदा शांतपणे म्हणते, "वाटतं खरं तसं. मलाही वाटलं होतं."

"तुला? कधी?"

"दोन वर्षांपूर्वी. माझं नव्हतं का झालं स्कॅन? शेजारची जया आली होती बरोबर. तुमची सोसायटीची मीटिंग होती, लिफ्टच्या रंगाची."

म्हणजे पाणी, गोळी, गरम लाट, हिला सगळं ठाऊक! मी असा भडकलो, "मग आधी सांगायला काय जात होतं तुझं?"

तिनं किल्ली माझ्या हातात ठेवली. "सकाळी सांगत होते, तुम्ही ओरडलात. आणि तेव्हा तर स्कॅनहून आल्या आल्या दारातच सांगायला लागले होते. खूप घाबरले होते हो मी. तुम्ही म्हणालात, आधी कुकर लाव."

आठवत होतं मला. म्हणालो होतो.

माझा रिपोर्ट आला. पाण्याची गाठ, साधी, बहुतेक जन्मापासूनची, काही करायचं नाही. सुटलो! घरी आलो, आणि पहिल्यांदा विचारलं, "कुंदा, तुझ्या रिपोर्टात काय होतं गं तेव्हा?"

म्हणाली, "आधी कुकर लावा."

लावला. आज आठवा दिवस, रोज लावतोय... तीन शिट्ट्या होतात, भात होतो, वरण होतं. अजून सांगितलेलं नाही.