‘आणि’वरचा श्वास

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय जयसिंगराव कुंजीर, आपले मुख्याध्यापक अनंत देवधर सर, पुढे बसण्याची आमची विनंती मोडून शेवटच्या रांगेत जाऊन बसलेले बाईंचे यजमान वैजनाथराव, लोणी काळभोरहून आलेली त्यांची सगळी मंडळी, माझे सहकारी, पालक, आजी-माजी विद्यार्थी, आणि ज्यांच्यासाठी हे सभागृह आज भरलं आहे त्या आपल्या संगीताच्या बाई, सुशीलाबाई काळभोर, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी तनुजा. शाळेत विज्ञान शिकवते. देवधर सरांनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि वर बजावलं आहे, “तुम्हाला मुद्द्यावर यायलाच चार लागतात, तेव्हा जपून.” सर, जपते. पण मला आज नुसतं कौतुक करायचं नाही. बाईंनी मला एक गोष्ट करायला सांगितली आहे. हो म्हणायचं की नाही, हे मला इतके दिवस ठरवता आलं नव्हतं. ते उत्तर आज द्यायचं आहे. असं उत्तर चारचौघांत द्यावं का, हा प्रश्नही स्वतःला विचारून झाला. एकांतात दिलं तर बाई मला गप्प करतील, म्हणून इथे देते आहे.

थोडं लांबून सुरू करते. यंदा सातवीला साथीचे रोग शिकवत होते. सार्थकनं हात वर केला. “बाई, करोना कधी संपला?” माझी तयारी होती. मी सांगितलं, जागतिक आरोग्य संघटनेनं मे दोन हजार तेवीसमध्ये आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. सार्थक म्हणाला, “एवढ्या उशिरा? आमच्याकडे तर बाबांचं ऑफिस सुरू झालं तेव्हाच संपला होता.” मागच्या बाकावरून आवाज आला, “आमच्याकडं अजून हाय की. आजीला कसलाच वास येत नाही. दूध उतू गेलं तरी तिला ओरडून सांगावं लागतं.” मग वर्गात वादच लागला, कुणाच्या घरी कधी संपला याचा. तास संपला, वाद संपला नाही.

मी घरी जाऊन विचार करत राहिले. पुण्यात प्लेग आला तेव्हा लोक गावाबाहेर झोपड्या बांधून राहिले, परत आले, पुढच्या साथीला पुन्हा बाहेर गेले. पण नेमक्या कोणत्या सकाळी कुणी म्हणालं असेल, की झालं, आता संपलं? असा दिवस उगवतो तरी का? की साथ जुन्या भाडेकरूसारखी मागच्या खोलीत राहून जाते, आणि आपण तिच्या खोकण्याला सरावतो? पुण्यात भाडेकरू कधी जातो का हो? (कुंजीर साहेब हसताहेत. त्यांना अनुभव असावा.)

आता बाईंकडे येते. सर, घड्याळाकडे बघू नका.

आपली प्रार्थना सगळ्यांना पाठ आहे. शाळा काढली त्या गुरुजींनीच लिहिलेली, त्यांनीच चाल लावलेली. पहिली ओळ, “उजेड येऊ दे आमुच्या दारी आणि तसाच जाऊ दे शेजारच्याही घरी.” एका दमात म्हणायची. इथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल, बाई पेटीवर सूर धरायच्या आणि ही अख्खी ओळ कुठेही न तुटता मैदानावरून पार कुंपणाबाहेर जायची.

एकवीसच्या उन्हाळ्यात बाई आजारी पडल्या. किती आजारी, ते वैजनाथरावांना माहीत आहे; मी सांगणं बरोबर नाही. बाई परत आल्या, फुप्फुसं पूर्ण परत आली नाहीत. पुढच्या वर्षी जूनमध्ये शाळा नेहमीसारखी भरली. पहिल्या दिवशीची प्रार्थना. मुलं ओळीत उभी, निम्म्यांचे गणवेश आखूड झालेले. बाईंनी सूर धरला. “उजेड येऊ दे आमुच्या दारी आणि...” आणि थांबल्या. बोटं पट्टीवर तशीच, सूर चालू, आवाज नाही. मुलंही थांबली. सगळं मैदान ‘आणि’वर उभं राहिलं.

देवधर सरांना वाटलं, माईक गेला. त्यांनी आपल्या महिपतीमामांना वायर बघायला धाडलं. मामा वायर चाचपून परत आले आणि सरांच्या कानाशी म्हणाले, “वायर ठीक हाय, सर. बाईंचा दम गेलाय. थांबा जरा, येतोय.”

आणि आला. बाईंनी छातीभर श्वास घेतला, पुढची अर्धी ओळ उचलली, मुलांनीही उचलली. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी कुणाला त्यात काही वेगळं वाटलंही नाही.

बाई मात्र त्याच आठवड्यात सरांकडे गेल्या. “प्रार्थना दुसऱ्या कुणाकडे द्या,” म्हणाल्या. मी तिथेच हजेरीपट घेऊन उभी होते. सर म्हणाले, “बाई, तुमच्यावाचून शाळेचं अडेल वगैरे बोलण्याइतका मी भावनिक नाही. पण पेटी येणारं इथे दुसरं कोण आहे? मी. आणि मी वाजवली तर पालक दाखले काढून नेतील.” बाई हसल्या, हसताना खोकल्या, आणि पेटी त्यांच्याकडेच राहिली. सर, आपण भावनिक नाही हे आम्ही सगळे जाणतो. त्यानंतर संगीताचा वर्ग दुसऱ्या मजल्यावरून खाली, आपल्या कार्यालयाच्या शेजारी आला आणि रोज आठ तास आपण सारेगमप ऐकत काम केलंत, हा निव्वळ योगायोग.

तरी शिक्षकांची खोली वरच राहिली. जिन्याच्या वळणावर बाई हमखास भेटायच्या, आणि भेटल्या की चौकशी. “आईचे गुडघे कसे आहेत गं?” “मुलाला कुठे मिळाली ॲडमिशन?” मला वाटायचं, आजारपणानंतर बाई बोलक्या झाल्या. फार पुढे माझ्या ध्यानात आलं की त्या वळणावर त्यांना थांबावंच लागतं. मी चाचरत विचारलं. म्हणाल्या, “थांबायचंच आहे, तर रिकामं कशाला थांबायचं?”

माझ्या आईच्या गुडघ्यांचा सगळा इतिहास शाळेत फक्त बाईंना माहीत आहे. मला वाटतं, तुमच्यापैकी अनेकांचं असंच असेल. आपण साऱ्यांनी त्या वळणावर काही ना काही सांगून ठेवलेलं आहे.

आता मूळ गोष्ट. या हिवाळ्यात बुधवार पेठेतल्या एका सभागृहात शाळांची समूहगायनाची स्पर्धा होती. आपली मुलं ही प्रार्थना म्हणाली. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. स्टेजवर फक्त मुलं आणि पेटीला आपलाच एक माजी विद्यार्थी. मुलांनी सूर धरला, “आमुच्या दारी आणि...” आणि थांबली. सगळी. एकाच वेळी. मग पुढे.

परीक्षकांनी नंतर शेरा सांगितला. “आवाज छान. पण ‘आणि’वर कुणी थांबतं का? वाक्य तुटलं की तिथं.” आपली पाचवीतली अपेक्षा पुढे झाली. “तुटलं नाही, सर. चालच तशी आहे.” ते म्हणाले, “कुणी सांगितलं?” “कुणी नाही. पहिल्यापासून तशीच आहे.”

खरंच आहे तिचं. तिच्या पहिल्यापासून तशीच आहे. ती शाळेत आली तेव्हापासून तिनं दुसरी चाल ऐकलेलीच नाही.

परतताना बसमध्ये बाई माझ्या शेजारी होत्या. हडपसर येईपर्यंत मुलांची डोकी मोजत होत्या. मग म्हणाल्या, “मला वाटत होतं, पोरं माझ्यासाठी थांबतात. मला काय माहीत, त्यांना ती चालच वाटते.” आणि थोड्या वेळानं, “तनुजा, मी माझं दुखणं पोरांच्या गळ्यात ठेवून चालले गं. जाण्याआधी मी दुरुस्त करीन. आणि माझ्यानंतर परिपाठ तू बघणार आहेस, तर तू लक्ष ठेव. ती थांबायची जागा काढून टाक. गुरुजींची चाल होती तशी राहू दे.”

बाईंनी त्यानंतर मुलांना जुनी चाल पुन्हा शिकवली. वर्गात मुलं न थांबता म्हणतात, शहाण्यासारखी. सकाळी मैदानावर आली की ‘आणि’वर थांबतात. बाई मान हलवतात, मुलं ओशाळतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबतात.

मला वाटलं, बाईंचं म्हणणं खरं आहे. ज्यांना हा आजार झाला, त्यांनाच ठरवू द्यावं त्याची आठवण ठेवायची की नाही. त्यांच्या धापेचं आपण स्मारक करावं, हा कसला गौरव? मी जवळजवळ हो म्हणणार होते.

मग, सवय माझी, म्हटलं आधी तपासून बघू. शाळेत आजाराच्या आधीच्या स्नेहसंमेलनाचं चित्रीकरण आहे. ते लावलं. बाईंचा आवाज काय लागला आहे! “उजेड येऊ दे आमुच्या दारी” इथे सगळी शाळा. ‘आणि’ आलं, आणि शाळा विरळ होत गेली. लहान मुलांचा दम पुरत नाही. दम्याच्या मुलांचा पुरत नाही. ती नुसते ओठ हलवताहेत. चेहरे जवळून दिसतात. “शेजारच्याही घरी” येईपर्यंत बाई आणि मोठ्या वर्गातली चार-दोन मुलं, एवढेच उरतात. मी दोनदा पाहिलं. मग काल सकाळी मैदानावर मुलांच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि ऐकलं. ‘आणि’वर सगळ्यांनी श्वास घेतला. माझ्या शेजारी पहिलीतलं एक पोर, त्यानंही घेतला. आणि ओळीचा दुसरा भाग पहिल्याइतकाच मोठा आला.

अपेक्षाला विचारलं, “तिथे थांबायचं नाही असं ठरलं तर?” ती म्हणाली, “चालेल, बाई. पण मग मी पुढचं म्हणणार नाही. मला जमतच नाही.”

तर बाई, हे माझं उत्तर. आपण सांगितलेलं मी करणार नाही. गुरुजींची चाल आपण इतकी वर्षं जपलीत, आणि तरी त्यांनी लिहिलेली दुसरी अर्धी ओळ सगळ्या शाळेनं म्हटली ती आपला दम तुटल्यावर. आपण आजारी पडलात हे बरं झालं, असं मी मेले तरी म्हणणार नाही. ते वाईटच झालं. आपला आवाज मला रोज आठवतो. पण ती जागा आता आपल्या एकटीची राहिलेली नाही, त्यामुळे ती परत नेण्याचा हक्कही आपल्या एकटीचा नाही. जूनमध्ये नवी पहिली येईल. त्यांना साथ ठाऊक नसेल, आपणही नसाल. ती ‘आणि’वर थांबतील, कारण चालच तशी आहे.

वेळ दिल्याबद्दल अध्यक्षांचे आभार, जास्तीचा घेऊ दिल्याबद्दल सरांचे. बाईंना सुखरूप घरी आणून पुन्हा आमच्या हवाली करणाऱ्या वैजनाथरावांचे आभार मानायला मात्र माझ्याकडे शब्द नाहीत. वडीलधाऱ्या सहकाऱ्याचं न ऐकता भर सभेत नाही म्हटलं, ही आगळीक आहे. बाई, ती पदरात घ्या. इतर कुणाला काही कमी-जास्त लागलं असेल, तर त्यांनीही मोठ्या मनानं सोडून द्यावं.

कार्यक्रमपत्रिकेत शेवटी प्रार्थना आहे. महिपतीमामांनी पेटी बाईंच्या पुढ्यात आणून ठेवलीच आहे. सगळ्यांनी उभं राहावं. बाई, आपण बसूनच म्हणा. आपण ‘आणि’वर थांबलात, तर आम्ही आपल्यासाठी थांबू.

आणि आज हट्टानं एका दमात म्हणायला गेलात, तरी आम्ही थांबू. आपण मागे वळून या.

सूर द्या, बाई.