नाव नसलेलं ताट

हेराक्लिओ शहरातल्या आमच्या चर्चमध्ये पितरांच्या शनिवारी आपापल्या मृतांसाठी उकडलेल्या गव्हाची ताटं घेऊन रांग लागते. पाद्रीबुवा मृतांची नावं गाऊ लागले की माझे डोळे भरून येतात. यंदा मात्र कान रांगेत माझ्या मागे चाललेल्या बोलण्याकडे लागले होते. तिथे म्हाताऱ्या आर्गिरोबाई एका अनोळखी मुलीशी बोलत होत्या.

“तुझं कोण गेलं, पोरी?”

“उंदीर, आजी.”

“अगं बाई! उंदीर?”

“प्रयोगशाळेत असते मी. म्हातारे उंदीर मारून त्यांच्या अवयवांतल्या थकलेल्या पेशी शोधतो. त्या नव्या पेशी घडवत नाहीत, मरतही नाहीत, शेजारणींना मात्र बिघडवतात. कुठे कुठे दडल्यात, त्याचा नकाशा करतोय.”

“आमच्या गल्लीतच ये की मग! आणि नकाशा कशाला?”

“म्हातारपण कुठून सुरू होतं ते कळावं म्हणून.”

“माझं गुडघ्यांतून झालं. सांग तुझ्या साहेबांना.”

“हसू नका, आजी. त्या उंदरांतला एक माझ्या तळव्यावर बसून दाणे खायचा. त्यालाही मीच मारलं. तेव्हापासून घास उतरत नाही. पाद्रीबुवा नाव विचारतील, आणि उंदरांना तर नावंच नव्हती. ताट परत करतील का हो?”

“करतील. उंदरांसाठी नाही गात ते.”

“मग जाते मी.”

“थांब गं. तो गहू माझ्या ताटात ओत.”

“हे ताट कोणाचं?”

“माझ्या नवऱ्याचं, पांडेलिसचं. पिठाची गिरणी होती त्याची. जन्मभर उंदरांनी त्याचा गहू खाल्ला, पण त्यानं कधी विष घातलं नाही. आता पंगतीला आणखी चार आले, तर त्याला काय नवं?”