गोपाळरावांचा शर्ट आणि धारची गोधडी

सन्माननीय अध्यक्ष भैयासाहेब, व्यासपीठावर विराजमान झालेले मान्यवर पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती कोमल साळुंखे, पहिल्या रांगेत शाल पांघरून बसलेल्या आम्हा सर्वांच्या काकीसाहेब, म्हणजे श्रीमती कुसुमावतीबाई, आणि या सभागृहात जमलेल्या माझ्या धारकर बंधूंनो आणि भगिनींनो. मागे दाराशी उभं राहून स्वयंपाकाच्या वासाचा अंदाज घेणाऱ्या मंडळींनाही माझा नमस्कार. पुऱ्या अजून तळायच्या आहेत, तेव्हा आत येऊन निवांत बसावं.

मंडळाचा सचिव या नात्यानं मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. भैयासाहेबांनी मघाशी कानात सांगितलं, ‘अशोकराव, पाच मिनिटं.’ मी मान हलवली. मान हलवायला काय जातं?

आपली कोमल येत्या मंगळवारी बेल्जियमला निघाली. तिथल्या गेंट नावाच्या गावात वर्षभर राहून ती काम करणार आहे. ती परत येईल तेव्हा तिच्या मराठीत आणखी कोणती भाषा मिसळलेली असेल, याची मला काळजी वाटते. आत्ताच तिचं एक वाक्य मराठीत सुरू होतं, हिंदीत वळतं आणि माळवीत संपतं. आजची निमंत्रणपत्रिका तिनं माझ्यासमोर वाचली. ‘सस्नेह’ पर्यंत पोचायला तिला चहाचा अर्धा कप लागला. आमची शाळाच हिंदी होती काका, असं ती म्हणते. बरोबर आहे. पण ज्या मुलीला ‘सस्नेह’ वाचताना घाम फुटतो, तिनं या गावाचा स्नेह कसा ओळखला, हे मला आज तुम्हाला सांगायचं आहे.

कोमलचे वडील कऱ्हाडकडून पीथमपूरच्या कारखान्यात नोकरीला आले आणि त्रिमूर्ती नगरात राहिले. म्हणजे आपल्या जुन्या घराण्यांच्या हिशेबानं ही मंडळी कालचीच. तिनं इंदूरला चित्रकलेचं शिक्षण घेतलं. दोन वर्षांपूर्वी गेंटच्या एका कलादालनानं जगभरातल्या कलाकारांना विचारलं, तुमच्या शहराची संस्कृती दाखवणारं एखादं नवं काम घेऊन येता का? हिची निवड झाली. आम्ही मंडळाची सभा बोलावली. सभेचं मत पडलं की राजवाड्याचं मोठं तैलचित्र काढावं, जमल्यास किल्ल्याचंही. कोमलनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मला तुमचे जुने कपडे पाहिजेत.’

सभेत जी शांतता पसरली, ती मी नंतर फक्त श्रद्धांजलीच्या कार्यक्रमातच अनुभवली.

तिला धारची गोधडी शिवायची होती. साधी नाही, नकाशाची. ज्या गल्लीत जे घर, तिथं त्या घरातलं कापड. मुंज तलावाच्या जागी निळी लुगडी, गडकालिकेच्या देवळाच्या जागी खणाचे तुकडे, पीथमपूरच्या बाजूला कारखान्याचे खाकी गणवेश. मग ती दारोदार फिरू लागली. कुणी काय दिलं ते मी सांगत नाही, कारण देणारे समोर बसले आहेत. एवढंच सांगतो की एका सद्गृहस्थांनी बनियन दिलं आणि तेही धुतलेलं नव्हतं. निसरपूरचं घर धरणाच्या पाण्याखाली गेल्यावर इकडे राहायला आलेल्या एका बाईंनी त्या घराच्या दारावरचा पडदा आणून दिला आणि बराच वेळ हातातून सोडला नाही. आणि आमच्या भैयासाहेबांनी दिली वडिलांच्या दरबारी अंगरख्याची जरीची बाही.

बाही दिली ती या समजुतीनं की ती गोधडीच्या मधोमध लागेल. पण नकाशा म्हणजे नकाशा. भैयासाहेबांचं घर जिथं आहे तिथंच, कडेला, कचोरीवाल्या दीपेशच्या तेलकट रुमालाला चिकटून ती लागली. भैयासाहेब तिला म्हणाले होते, ‘अगं, निदान मध्ये एक गल्ली तरी सोड.’ कोमल म्हणाली, ‘भैयासाहेब, गल्ली है ही नहीं, कुठून आणू?’ आपण हसताय भैयासाहेब, त्या दिवशी हसला नव्हतात.

आता काकीसाहेबांकडे येतो. यांचे यजमान गोपाळराव आपल्या पोस्टात होते. उभी हयात टपाल वेगळं करण्यात गेली. दुबई, लंडन, सिंगापूर, सगळीकडची पाकिटं त्यांच्या हातून जात. स्वतः मात्र ते एकदा नाशिकला आणि एकदा जेजुरीला, याच्या पलीकडे गेले नाहीत. ‘रिटायर झालो की जाऊ’ म्हणायचे आणि रिटायर झाल्यावर गुडघे धरून बसले. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. काकीसाहेबांनी त्यांचा एकच शर्ट जपून ठेवला होता. निळ्या चौकटींचा, खिशाला शाईचा डाग असलेला.

कोमल त्यांच्याकडे गेली तेव्हा मीही सोबत होतो. काकीसाहेबांनी तो शर्ट आणला, घडी मोडली, पुन्हा घातली आणि म्हणाल्या, ‘असा दुसरा नाही माझ्याकडे. परत आणून देशील ना, मुली?’

कोमल म्हणाली, ‘देईन, काकीसाहेब. पक्का.’

एवढंच बोलणं झालं. मग चहा आला.

गोधडी झाली. ती घेऊन कोमल गेंटला गेली आणि मंडळाचा प्रतिनिधी म्हणून मी गेलो. प्रतिनिधीचं मुख्य काम शेवेचं पाकीट सांभाळणं, हे मला विमानतळावर कळलं. कलादालन म्हणजे जुनी कापडगिरणी होती. तिथल्या प्रमुख लीसबाई फार सज्जन. त्यांनी हातमोजे घालून गोधडी उलगडली, तिच्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, ही आम्ही भिंतीवर टांगू, समोर दोरी बांधू.

कोमल म्हणाली, गोधडी टांगत नाहीत, अंथरतात. लोकांनी तिच्यावर बसलं पाहिजे.

लीसबाई म्हणाल्या, खराब होईल.

कोमल म्हणाली, होऊ दे, गोधडी आहे.

हे इंग्रजीत चाललं होतं. मला अर्धंच समजत होतं. यानंतर कोमलनं चप्पल काढली आणि ती सरळ गोधडीवर जाऊन मांडी घालून बसली. मला म्हणाली, ‘काका, या.’ मीही बसलो. मुंज तलावावर बसलो होतो, हे नंतर पाहिलं. लीसबाई आमच्याकडे बघत उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं त्यांनी बूट काढले, आल्या आणि त्या निसरपूरच्या पडद्याजवळ बसल्या. ‘हे काय आहे?’ त्यांनी विचारलं. कोमलनं सांगितलं. त्यानंतर टांगण्याचा विषय निघाला नाही. लाकडी बैठक केली, वर गोधडी अंथरली आणि बाहेर बूट काढण्याची पाटी लागली.

माणसं आली, बसली. एकेकाळी त्याच गिरणीत काम केलेल्या म्हाताऱ्या बायका आल्या. त्या बोलत काही नव्हत्या, टाके बोटांनी चाचपत होत्या. एकीनं गोपाळरावांच्या खिशावरचा डाग अंगठ्यानं हळूच पुसून पाहिला, जसा आपण नातवाच्या गालावरचा पुसतो.

प्रदर्शन संपायला आलं तेव्हा लीसबाईंनी आम्हाला बसवून सांगितलं, ही गोधडी आम्हाला कायमची आमच्या संग्रहात ठेवायची आहे. खाली नाव राहील, धार, मध्य प्रदेश, भारत. मी बाहेर येऊन आधी भैयासाहेबांना फोन लावला. इकडे सगळी कार्यकारिणी जेवायला बसली होती. भैयासाहेब इतके खूश झाले की जन्मभर मला ‘अशोकराव’ म्हणणारा माणूस अस्सल माळवीत म्हणाला, ‘अरे, हो म्हण भिया, विचारतोस काय?’

मी आत आलो. कोमल खिडकीशी उभी होती. म्हणाली, ‘काका, मी त्यांना “नाही” सांगितलं.’

मला वाटलं, भाषेचा घोटाळा असेल. पुन्हा विचारलं. म्हणाली, ‘काकीसाहेबांना शर्ट परत देणार म्हणाले होते ना मी.’

मी म्हटलं, ‘मग तेवढा शर्ट उसवून घेऊ. बाकी राहू दे.’

‘काकीसाहेबांच्या घराच्या जागी भोक पडेल, काका. ते मी जगाला दाखवू?’

मग मला सुचलं. म्हटलं, ‘इतकं कशाला? आत्ता फोन लावतो. काकीसाहेबांना विचारू, त्या हो म्हणाल्या की झालं.’ मी फोन काढलासुद्धा. तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

‘त्या हो म्हणतील, म्हणूनच विचारायचं नाही. त्यांनी आजपर्यंत कुणाला ना म्हटलंय का? उनको मना करना आता ही नहीं.’

मंडळी, मी मंडळाचा सचिव. ज्यांना ना म्हणता येत नाही त्यांच्याकडे आधी जायचं, ही माझी सह्या मिळवण्याची पद्धत त्या क्षणी कुणीतरी पहिल्यांदा बोलून दाखवली. मी फोन खिशात ठेवला.

आम्ही गोधडी घेऊन परत आलो. तेव्हाचं स्वागत तुम्हाला आठवत असेल. आठवत नसेल, कारण ते झालंच नाही. हार मागवले होते, ते गडकालिकेला वाहिले. एका हिंदी पेपरात बातमी आली, ‘धार की गुदड़ी धार लौटी’. याच सभागृहात मी ऐकलंय, ‘कालची मुलगी, तिला गावाच्या नावाचं काय?’ कोमलनंही ऐकलं. महिनाभर ती मंडळाच्या जिन्यावर दिसली नाही.

त्याआधी, आल्याच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही गोधडी घेऊन काकीसाहेबांकडे गेलो होतो. कोमलनं ती पलंगावर पसरली आणि कात्री काढून म्हणाली, ‘शर्ट काढून देते.’

काकीसाहेब म्हणाल्या, ‘ती कात्री ठेव आधी. मला सांग, हे कुठं होते तिथं? भिंतीकडे की खिडकीकडे?’

‘खिडकीकडे, काकीसाहेब.’

‘बाहेर काय दिसायचं?’

कोमलनं सांगितलं. कालवा दिसायचा, होड्या दिसायच्या, सायकलवरून ऑफिसला जाणारी माणसं दिसायची. काकीसाहेबांनी विचारलं, पाऊस होता का, लोक बोलायला कसे होते, चहा मिळतो का. असे प्रश्न की जणू कुणी घरचं माणूस प्रवासाहून आलंय. मी मध्येच म्हटलं, ‘काकीसाहेब, ते लोक गोधडी कायमची मागत होते. हिनं तुमच्यासाठी नाही म्हटलं.’ कोमलनं माझ्याकडे असं बघितलं की आजही ती बघते तेव्हा मी शेवेचं पाकीट पुढे करतो.

काकीसाहेब बराच वेळ शर्टाच्या खिशावरून हात फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, ‘तू फोन केला असतास तर मी हो म्हटलं असतं. आणि मग तुला कधी घरात घेतलं नसतं.’ पुढे म्हणाल्या, ‘आता परत येऊन सगळं सांगितलंस. आता पाठवायचं असेल तर पाठव. यांना तिकडं आवडलेलं दिसतंय. पण एक थंडी माझ्याकडे राहू दे.’

कोमलनं लीसबाईंना तसंच कळवलं, की गोधडी मिळेल, पण थंडी संपल्यावर, सध्या ती वापरात आहे. आधी काही दिवस उत्तरच आलं नाही. मग आलं. ठीक आहे म्हणाल्या, फक्त डांबराच्या गोळ्या घालू नका. आणि कोमलला वर्षभरासाठी बोलावलं, गेंटच्या घराघरातून कपडे मागून त्या गावाची गोधडी शिवायला. तिथले भैयासाहेब कोण निघतात ते बघू.

तर मंडळी, ज्या वस्तूला परदेशात हातमोजे घालून हात लावत होते, ती सारी थंडी काकीसाहेबांच्या अंगावर होती. मागच्या आठवड्यात कोमल ती न्यायला गेली तर गोधडी गच्चीवर वाळत होती. काकीसाहेबांनी रिठ्याच्या पाण्यात स्वच्छ धुतली होती. म्हणाल्या, ‘परदेशी पाठवायची, मळकी कशी पाठवू?’ भैयासाहेबांची जर चमकायला लागली आणि दीपेशच्या रुमालातलं तेल निघालं. कोमल जिन्यातच खाली बसली.

मग उठून तिनं एक एक गल्ली तपासली. सगळं जागेवर होतं. काकीसाहेबांच्या घराशी, राजवाड्यामागच्या गल्लीशी येऊन ती थांबली. शर्टाच्या शेजारी एक तुकडा होता, जो तिनं कधी लावला नव्हता. अंजिरी रंगाच्या नऊवारीचा, बारीक, सरळ टाक्यांनी जोडलेला.

‘काकीसाहेब, ये क्या है?’

काकीसाहेब तेव्हा उन्हात पापड उलटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘माझं लुगडं आहे. यांनी कायमचं राहायचं म्हणतेस ना तिकडं. हे कधी एकटे राहिलेत का?’

पुऱ्यांचा वास यायला लागला, तेव्हा आता थांबतो.

अध्यक्षांनी पाच मिनिटं सांगितली होती, ती केव्हा संपली हे त्यांनी सभ्यपणे लपवलं, याबद्दल त्यांचे आभार. सभागृह सजवणाऱ्या, पाहुण्यांना आणणाऱ्या आणि मघापासून कढईपुढे उभ्या असलेल्या सर्वांचे आभार. कोमल, सुखरूप जा आणि यांना दोघांना नीट पोचव. माझ्या बोलण्यात कुणाची थट्टा जास्त झाली असेल, कुणाची राहून गेली असेल, तर दोन्हीबद्दल मोठ्या मनानं क्षमा करावी. नमस्कार.